टॉर्चच्या क्लिपचं तोंड डिकीकडे हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून तुमचं नेहमीचं जाणं-येणं, बरंचसं रात्रीचं. गाडी छोटी हॅचबॅक. डॅशबोर्डच्या खाली टेपने चिकटवलेली प्लास्टिकची क्लिप उन्हाळ्यात सुटली, दुसरी लावली ती पावसाळ्यात सुटली, आणि त्या वेळी टॉर्च घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली. तुम्ही विचारलंय की मजबूत ब्रॅकेट कुठला घ्यावा, आणि गाडीला होल न मारता जमेल का.

आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात. पुढे गाडीच्या बॅटरीचाही उल्लेख येणार आहे, म्हणून इथे टॉर्च हाच शब्द ठेवतो.

मजबूत ब्रॅकेटचा विचार थोडा बाजूला ठेवा. १६० ग्रॅमच्या टॉर्चला धरायला साधा २ मिलीमीटरचा पत्रा सुद्धा गरजेपेक्षा जास्त मजबूत असतो. तुमची क्लिप सुटली ती जागेमुळे, टेपमुळे आणि क्लिपचं तोंड चुकीच्या दिशेला असल्यामुळे. या तीन गोष्टी सुधारल्या की ब्रॅकेट घरच्या घरी किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लहान शेडमध्ये बनतो.

आधी धोका नीट समजून घ्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतली सुटी टॉर्च त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडलेल्या वस्तूचा वेग. १६० ग्रॅमच्या टॉर्चचा तो तडाखा एक किलोचं वजन दीड मीटरवरून डोक्यात पडल्यासारखा असतो. ठोकर बसताना गाडीचा पुढचा भाग साठ-सत्तर सेंटीमीटर चेपतो असं धरलं, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी १५ पट जोर येतो आणि क्षणभर तो ३० पटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे आपली टॉर्च त्या क्षणी पावणेपाच किलोची होते. ठोकर सोडा, घाटाच्या उतारावर टॉर्च ब्रेकखाली अडकली तरी पुढचं सांगायला नको. म्हणून दुसरं काही जमेपर्यंत टॉर्च आजच ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका आणि झाकण लावून ठेवा. ड्रायव्हरच्या पायाजवळ, सीटखाली, डॅशबोर्डवर कुठेही सुटी नको.

आता जागा. गाडीत टॉर्चला चालणाऱ्या जागा फार थोड्या उरतात, कारण बऱ्याच जागा एअरबॅगच्या मालकीच्या आहेत. आपल्या देशात ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि पुढच्या प्रवाशाची नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून. त्यामुळे अलीकडच्या छोट्या गाडीतही स्टीअरिंगमध्ये आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असतेच. सहा एअरबॅगवाल्या गाडीत छताच्या कडेने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, आणि सीटच्या पाठीच्या कडेलाही असते. काही गाड्यांत स्टीअरिंगखाली गुडघ्यासाठी वेगळी असते. जिथे प्लास्टिकवर किंवा सीटच्या शिलाईवर एसआरएस एअरबॅग असं कोरलेलं किंवा लेबल लावलेलं दिसतं, तिथे आणि त्या पॅनेलच्या आसपास काहीही लावू नका. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. तिच्या वाटेत क्लिप असली तर ती क्लिप गोळीसारखी सुटते.

म्हणून विंडस्क्रीनच्या कडेचे खांब, छताजवळचं हँडल, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डचा वरचा भाग आणि स्टीअरिंगच्या खालची जागा या सगळ्या बाद. सनव्हायझरला अडकवण्याची जुनी पद्धतही बाद, कारण ती नेमकी कपाळासमोर येते. दाराच्या कप्प्यात टॉर्च ठेवतात, पण दार आपटल्यावर ती उडते, आणि गाडी चरीत कलंडली तर दार उघडताच पहिली बाहेर पडते ती टॉर्चच. सीटच्या समोरच्या कडेला, मांडीखाली लावलेली टॉर्च हाताला छान लागते. पण तिथून सुटली की सरळ पेडलपाशी जाते.

सीटचे किंवा सीटबेल्टचे बोल्ट काढून त्याखाली पट्टी घालण्याचा सल्ला इंटरनेटवर बराच दिसतो. तो ऐकू नका. हे बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळलेले असतात. त्याखाली रंगवलेली पट्टी घातली की काही महिन्यांनी रंगाचा थर दबतो आणि बोल्टची पकड ढिली पडते. टॉर्चसाठी सीटची पकड घालवणं हा चुकीचा सौदा आहे. सीटखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसतील, त्या एअरबॅगच्या आणि बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्यांना हातही लावायचा नाही.

मग उरतं काय? उजव्या स्टीअरिंगच्या आपल्या गाड्यांत मला पटणारी जागा म्हणजे दोन सीटच्या मधल्या कन्सोलची डावी भिंत, गिअर लिव्हरच्या जवळपास, डाव्या सीटच्या गादीच्या थोडं पुढे. ड्रायव्हरचा डावा हात कन्सोलवरून तिथे सहज पोचतो, शेजारी बसलेल्याचा उजवा हातही पोचतो, सुटलीच तर टॉर्च डाव्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत पडते आणि पेडलकडे जायला मध्ये कन्सोलची भिंत असते. शिवाय ही जागा खाली, सावलीत आहे. गाडी उन्हात उभी असताना डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे सहज जातो, पण खाली पायापाशी बरंच कमी तापमान असतं. याचं महत्त्व पुढे सेलबद्दल बोलताना येईल.

ही जागा प्रत्येक गाडीत मिळेलच असं नाही. काही जुन्या हॅचबॅकमध्ये कन्सोल इतका बुटका असतो की डावी भिंत म्हणावी अशी नसतेच. तिथे कन्सोलचं मागचं टोक बघा, हँडब्रेकच्या मागे, मागच्या सीटकडे तोंड असलेलं. हात थोडा मागे वळवावा लागतो, पण दिशेच्या दृष्टीने ती जागा उत्तम आहे.

दिशेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. बाजारातल्या क्लिपा आपण जिथे सपाट जागा दिसेल तिथे चिकटवतो. कन्सोलच्या भिंतीवर लावली की क्लिपचं तोंड आपोआप बाजूला, म्हणजे डाव्या दाराकडे होतं, आणि टॉर्च बहुतेक वेळा गाडीच्या लांबीत आडवी बसते. जोराचा ब्रेक लागला की टॉर्च पुढे सरकते. क्लिपने तिला फक्त कडेने दाबलेलं असतं, पुढे अडवणारं काहीच नसतं. तेल लावलेल्या नळीतून काठी सरकावी तशी ती निघून जाते. आता तीच टॉर्च उभी करा, आणि क्लिप अशी फिरवा की तिची पाठ बॉनेटकडे आणि तोंड डिकीकडे येईल. ब्रेक लागला किंवा समोरून ठोकर बसली की टॉर्च क्लिपच्या पाठीत अधिकच रुतते. जितका जोराचा धक्का, तितकी घट्ट. सगळा भार पत्र्यावर येतो आणि क्लिपच्या दोन पात्यांना फक्त रस्त्यावरच्या दचक्यांना तोंड द्यावं लागतं.

याचा फायदा असा की क्लिप फार कडक असण्याची गरज उरत नाही, आणि एका हाताने टॉर्च पटकन निघते. जे लोक तोंड चुकीच्या दिशेला ठेवून क्लिप कडक करत जातात, त्यांची टॉर्च धक्क्यात सुटते आणि गरजेला निघत नाही.

सपाट भिंतीवर लावून तोंड मागे करायचं, तर मध्ये काटकोनात वळवलेला पत्रा हवा. त्याची मापं देतो. ही १८६५० सेलच्या (१८ मिलीमीटर जाड, ६५ लांब, चार्ज होणारा लिथियम-आयन सेल) साध्या टॉर्चसाठी आहेत, म्हणजे नळी सुमारे २५ मिलीमीटर, डोकं ३० ते ३२, लांबी १३० आणि सेलसकट वजन १६० ग्रॅमच्या आसपास. तुमची टॉर्च जुन्या पद्धतीची, दोन मोठ्या सेलची असेल, तर सेलच ३४ मिलीमीटर जाड असतात. ती टॉर्च गाडीत पुढे लावू नका, जड आणि लांब पडते. ती डिकीत ठेवा.

पत्रा २ मिलीमीटर ॲल्युमिनियमचा, १०० मिलीमीटर उंच आणि ७१ मिलीमीटर रुंद. वळवल्यावर बाहेरून एक बाजू ४० आणि दुसरी ३५ मिलीमीटर होते. बेंडमध्ये ४ मिलीमीटर जातात म्हणून ७१. ४० ची बाजू कन्सोलला टेकेल आणि बेंडपासून पुढे, बॉनेटच्या दिशेने जाईल, म्हणजे बोल्टना पाना लावायला जागा मोकळी राहते. ३५ ची बाजू भिंतीपासून बाहेर उभी राहील, आणि तिच्या मागच्या अंगावर एकाखाली एक दोन क्लिपा बसतील.

बेंड मारताना एक काळजी घ्या. व्हाइसच्या धारदार कडेवर ॲल्युमिनियम दुमडलं की बाहेरच्या अंगाला बारीक भेगा पडतात. त्या आज दिसत नाहीत, सहा महिन्यांच्या थरथरीने पत्रा तिथेच तुटतो. ६ मिलीमीटरचा गोल रॉड व्हाइसमध्ये पत्र्याच्या आतल्या बाजूला धरून त्याच्याभोवती वळवा, म्हणजे आतली गोलाई ३ मिलीमीटर मिळते. खूण पेन्सिलने करा. टोकदार स्क्रायबरने ओढलेली रेघ म्हणजे भेगेला करून दिलेली वाट. वळवल्यावर चारही कोपरे कानशीने गोल करा, बोट फिरवून कुठेही बोचता कामा नये. धक्का बसला तर शेजाऱ्याची नडगी याच पत्र्यावर येणार आहे. बाहेर आलेल्या कडेवर रबराची यू-पट्टी चढवा, काचेच्या आणि दारांच्या रबराच्या दुकानात मिळते.

क्लिप घ्यायला जाताना टॉर्चच हातात घेऊन जा. बेळगावच्या खडेबाजारात असो की निपाणी-चिकोडीत, हार्डवेअरच्या दुकानात कन्नडमध्ये विचारा की मराठीत, टॉर्च दाखवली की काम लवकर होतं. स्प्रिंग स्टीलची टूल क्लिप किंवा झाडू अडकवायची क्लिप मागा, २५ मिलीमीटर दांड्याची. साध्या लोखंडी पट्टीची क्लिप घरी वाकवून बनवण्याच्या नादाला लागू नका. साध्या पट्टीत स्प्रिंग नसतो, दहा वेळा टॉर्च काढली की ती उघडीच राहते.

क्लिप बरोबर आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा असतो ना, तो घ्या. टॉर्चच्या मधोमध दोरी बांधून काटा अडकवा आणि तोंडाच्या दिशेने सरळ ओढा. दोन्ही क्लिपा मिळून टॉर्च २ ते ३ किलोच्या ओढीला सुटायला हवी. एक किलोलाच सुटली तर कच्च्या रस्त्यावर उडेल, पात्या पक्कडीने थोड्या आत घ्या. पाच किलो लागत असतील तर म्हाताऱ्या माणसाला किंवा जखमी हाताने ती निघणार नाही. पात्यांवर रबर चढवल्यानंतर काटा पुन्हा लावा, कारण रबराने पकड बदलते.

रबर हवंच, नाहीतर धातूवर धातू खडखडतो आणि त्या आवाजाला कंटाळून माणूस टॉर्च काढून ठेवतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी यासाठी उत्तम. घरातली पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरू नका, उन्हाने ती चिकट होते आणि टॉर्चला गोंदासारखा थर बसतो. साधं रबरबँड तर एका उन्हाळ्याचंही नसतं.

क्लिपा पत्र्याला एम-४ च्या (४ मिलीमीटर जाडीच्या) चपट्या डोक्याच्या स्क्रूने बसवा, डोकं क्लिपच्या आत बुडलं पाहिजे, नाहीतर टॉर्चवर ओरखडे येतात. दोन क्लिपांमध्ये ५५ ते ६० मिलीमीटर अंतर ठेवा. टॉर्चचं डोकं वर आणि शेपूट खाली. डोक्याचा फुगीर खांदा वरच्या क्लिपवर टेकतो, त्यामुळे टॉर्च स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकत नाही. खाली आधाराची पट्टी देऊ नका, कारण बऱ्याच टॉर्चचं बटण शेपटीला असतं आणि खड्ड्यात दचका बसला की ते दाबलं जातं. बटण कडेला असेल तर ते क्लिपखाली किंवा पट्ट्याखाली न येता मोकळं राहील असं फिरवून बसवा.

पट्टाही द्या. क्लिपा समोरच्या धक्क्याला पुरतात, पण मागून ठोकर बसली किंवा गाडी कलंडली तर पट्टाच टॉर्च धरतो. ३५ च्या बाजूला दोन्ही कडांजवळ २२ बाय ४ मिलीमीटरच्या दोन खाचा पाडा आणि त्यातून २० मिलीमीटर रुंदीचा वेल्क्रोचा पट्टा ओवून टॉर्चभोवती घ्या. पट्ट्याचं टोक दोन सेंटीमीटर दुमडून शिवून घ्या, म्हणजे अंधारात बोटाला ते जाड टोक लागतं आणि एका ओढीत सुटतं. वेल्क्रोत धूळ आणि केस भरले की पकड जाते, तो वर्षातून एकदा बदला.

आता होलचा प्रश्न. खरं सांगायचं तर कन्सोलच्या भिंतीला दोन होल मारणं हाच टिकाऊ मार्ग आहे. पण थेट गाडीत बसून ड्रिल चालवू नका. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल युनिट याच कन्सोलखाली, मधल्या उंचवट्यावर बसवलेला असतो, आणि शेजारून वायरी जातात. इग्निशन बंद करा, गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढा, किमान तीन मिनिटं थांबा, मग कन्सोलचं पॅनेल सोडवून बाहेर आणा आणि बाहेरच होल मारा. पॅनेलच्या मागे आडव्या-उभ्या बरगड्या आणि लॉकचे खुंट असतात, त्यांच्यावर होल येऊ देऊ नका, कडेपासून १५ मिलीमीटर तरी सोडा. आधी ३ मिलीमीटरचा बिट, मग साडेपाचचा, आणि ड्रिल सावकाश. जोरात फिरवलं की प्लास्टिक कापलं जाण्याऐवजी वितळतं आणि भोक वेडंवाकडं होतं.

या पूर्ण जोडणीत कमकुवत काही असेल तर ती कन्सोलची दोन-अडीच मिलीमीटरची प्लास्टिकची भिंत. म्हणून पत्र्याचा तसाच ४० बाय १०० चा दुसरा तुकडा भिंतीच्या आतून लावा, म्हणजे प्लास्टिक दोन पत्र्यांच्या मध्ये दाबलं जातं आणि ओढ दोन भोकांवर न येता सगळ्या भिंतीवर पसरते. एम-५ चे १६ मिलीमीटर लांबीचे घुमटाकार डोक्याचे ॲलन बोल्ट दोन, एकमेकांपासून ६० मिलीमीटरवर, डोकी बाहेर. आतून वायसर आणि नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप न सुटणारा नट. सेल्फ-टॅपिंग स्क्रू नुसत्या प्लास्टिकमध्ये फिरवू नका, दोन पावसाळ्यांत तो पोकळ फिरायला लागतो. आणि नट सुटू नये म्हणून थ्रेडवर लावायचा लिक्विड लॉक इथे टाळा, बऱ्याच प्लास्टिकना तो तडे पाडतो. नायलॉक पुरेसा आहे. हाताने बसेल तितका आवळून वर पाव फेरा, बास.

बोल्ट कायमचा मारण्यापूर्वी पुठ्ठ्याचा साचा करून, त्यात टॉर्च बांधून, कागदी टेपने त्या जागी आठवडाभर लावा. डावी सीट पूर्ण पुढे-मागे करा, गिअर सगळे टाकून बघा, घरातल्या उंच माणसाला शेजारी बसवून गुडघा लागतो का बघा. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून बेल्ट लावा, डोळे मिटा आणि डाव्या हाताने टॉर्च काढा. पट्ट्याचं टोक सापडायला हात चाचपडत असेल, तर जागा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकवा. हा आठवडा वाया जात नाही. पॅनेलला चुकीच्या जागी पडलेलं होल पुन्हा बुजत नाही.

गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे किंवा तुमच्या नावावर नाही, म्हणून होल नकोच असेल, तर टेप चालेल, पण नीट. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपचा हिशोब असा की एक किलो वजनाला सुमारे ५५ चौरस सेंटीमीटर टेप. टॉर्च आणि क्लिप मिळून सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे नुसतं टांगून ठेवायलाच १२ चौरस सेंटीमीटर लागले. तयार क्लिपचा तळ असतो दोन बाय चार, म्हणजे आठ. दचके आणि ब्रेक तर त्यात धरलेच नाहीत. शिवाय टॉर्च टेपपासून दूर लटकते आणि टेपची वरची कड सोलत आणते. तुमच्या पहिल्या क्लिपचं हेच झालं असणार. वरच्या मापाच्या पत्र्याचा तळ ४० चौरस सेंटीमीटरचा आहे, त्याला पूर्ण टेप लावली की हिशोबाच्या तिपटीने जागा मिळते.

टेप सुटण्याचं दुसरं कारण आहे डॅशबोर्ड पॉलिश. गाडी धुणारी मुलं प्लास्टिकवर चकाकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश मारतात. त्या थरावर जगातली कुठलीही टेप टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं घेऊन कापडाने तीन-चारदा पुसा, दर वेळी कापडाची नवी बाजू. कन्सोलचं प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि त्याला गोंद मुळातच धरत नाही, म्हणून टेप कंपनीचा प्राइमर लावावा लागतो. दाणेदार पृष्ठभागावर टेप फक्त दाण्यांच्या टोकांना चिकटते, तेव्हा सर्वांत गुळगुळीत भाग निवडा. काम दिवसा, कोरड्या हवेत, २० अंशांच्या वर तापमान असताना करा आणि दाबून बसवल्यावर तीन दिवस टॉर्च अडकवू नका. तुमच्या भागात जुलैमध्ये भिंतीसुद्धा ओल्या असतात; पावसाळ्यात लावलेली दुसरी क्लिप टिकली नाही त्यात आश्चर्य नाही. टेपवर बसवणार असाल तर टॉर्चही हलकी घ्या, दोन पेन्सिल सेलची, १०० ग्रॅमच्या आतली.

लोहचुंबकाचं विचाराल म्हणून सांगतो, गाडीच्या आत तो उपयोगी नाही. आतलं सगळं प्लास्टिक, आणि लोखंड जिथे उघडं आहे तिथेही चुंबक सरळ ओढीला धरतो पण घसरायला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच जोर पुरतो. शेपटीला चुंबक असलेली टॉर्च बॉनेट उघडून काम करताना मात्र फार कामाची. थ्रीडी प्रिंटचा ब्रॅकेटही इंजिनीअरिंगची मुलं हौसेने करून देतात. करून घ्यायचा तर पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक नको, तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि बंद गाडीत मे महिन्यात वाकतो. एएसए किंवा एबीएस प्लास्टिक सांगा.

राहिला सेल, आणि इथे तुम्ही जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला राहता त्यावर उत्तर बदलतं. अथणी-रायबागकडची गाडी दिवसभर उन्हात तापते. बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वर जाऊ शकते. बहुतेक लिथियम-आयन सेलची वापराची वरची मर्यादा ६० अंश असते आणि चार्जिंगची ४५. पूर्ण भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो, म्हणून तो पाऊण भरलेला ठेवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत चार्जिंगला लावू नका. खानापूर-कणकुंबीकडे उन्हापेक्षा ओल जास्त. तिथे शेपटीच्या झाकणाच्या थ्रेडवर आणि रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा.

साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. ते गळतात, पांढरा क्षार साठतो आणि नेमक्या वेळी टॉर्च पेटत नाही. पेन्सिल सेलच्या आकाराचे लिथियमचे, चार्ज न होणारे सेल मिळतात. महाग आहेत, पण गळण्याची भीती जवळजवळ नाही आणि वर्षानुवर्षं टिकतात. घाटातल्या एखाद्या टपरीवर १८६५० सेल मिळणार नाही, पेन्सिल सेल मिळेल. चोर्लाच्या वाटेवर राहणाऱ्याने हा विचार जरूर करावा.

टॉर्च ब्रॅकेटमध्ये ठेवताना शेपटीचं झाकण पाव फेरा ढिलं करून ठेवा, म्हणजे आतला संपर्क तुटतो आणि बटण चुकून दाबलं तरी ती पेटत नाही. सगळ्याच टॉर्चमध्ये हे होत नाही, तेव्हा आधी करून बघा. आजकालच्या टॉर्चचा प्रकाश इतका प्रखर असतो की पूर्ण जोरात पेटून डोकं कापडाला किंवा प्लास्टिकला टेकलं तर भाजल्याचा डाग पडतो. फक्त घरातल्या सगळ्यांना, शेजारी बसणाऱ्यालाही, आधी झाकण आवळायचं हे दाखवून ठेवा.

शेवटची गोष्ट डिकीबद्दल. पुढच्या ब्रॅकेटमधली टॉर्च ही हाताशी लागणारी टॉर्च आहे. टायर बदलताना तिचा फार उपयोग होत नाही, कारण जॅकला आणि पान्याला दोन्ही हात लागतात आणि टॉर्च तोंडात धरावी लागते. स्टेपनीजवळ कपाळाला बांधायचा हेडलॅम्प एका कापडी पिशवीत ठेवा आणि ती पिशवी डिकीच्या हुकाला बांधा. ऊस हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा मागे लाल दिवा लुकलुकणारा हेडलॅम्प मिळाला तर तोच घ्या. टायरकडे वाकलेले असताना पाठीमागून येणाऱ्याला तुम्ही दिसता. दर तीन महिन्यांनी टायरची हवा तपासाल त्याच दिवशी दोन्ही टॉर्च पेटवून बघा, ब्रॅकेटचे दोन बोल्ट हाताने हलवून बघा आणि क्लिपला काटा लावा.

गाडीचं मॉडेल, टॉर्चच्या नळीचा व्यास आणि कन्सोलच्या डाव्या भिंतीचा फोटो दिलात तर बोल्टची नेमकी जागा सांगता येईल.